एकदाचं काय ते ठरव!

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. एका मध्यमवर्गीय मराठी घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो आणि त्या घरातला मुलगा तनय व मुलगी अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा. ज्याच्यावर दोघांचा जीव जडला त्या तरुणाला मात्र कादंबरीत नाव नाही आणि स्वतःची बाजू मांडायला एक पानही नाही. कादंबरी म्हणून ही रचना फार ताकदीची आहे. पण आपण वाचकांनी त्या तरुणाचं काय केलं? आपण तनयच्या समलैंगिकतेबद्दल बोललो, अनुजाने सोसलेल्या दुःखाबद्दल बोललो. त्या तरुणाला मुलगेही खरोखर आवडत असतील आणि मुलीही, ही शक्यता चर्चेत फारशी आलीच नाही. आली तेव्हा ‘असला माणूस कुणाचाच नसतो’ एवढ्यावर आटोपली.

असं बाजूला टाकलं जाणं दोन प्रकारच्या माणसांच्या वाट्याला सारखंच येतं. एक उभयलैंगिक, म्हणजे ज्यांना एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल प्रेमाची किंवा शारीरिक ओढ वाटते. रोजच्या बोलण्यात त्यांना बायसेक्शुअल किंवा नुसतं ‘बाय’ म्हणतात. दुसरे नॉनबायनरी, म्हणजे ज्यांना स्वतःला फक्त ‘पुरुष’ किंवा फक्त ‘स्त्री’ म्हणवून घेणं खरं वाटत नाही. त्यांच्यापैकी कुणाला आपण दोन्ही आहोत असं वाटतं, कुणाला दोन्हींपैकी काहीच नाही असं, तर कुणाची जाणीव काळानुसार सरकत राहते.

पहिला प्रश्न ‘मला कोण आवडतं’ हा आहे, म्हणजे लैंगिक कलाचा. दुसरा ‘मी कोण आहे’ हा, म्हणजे लिंगभावाचा. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही. उभयलैंगिक स्त्री नखशिखांत स्त्री असू शकते, आणि एखाद्या नॉनबायनरी व्यक्तीला फक्त पुरुषच आवडू शकतात. काही जण दोन्ही असतात. एवढा फरक असूनही घरी, मित्रांत आणि कधी कधी डॉक्टरांकडेही या दोघांना ऐकावं लागणारं वाक्य एकच असतं: ‘एकदाचं काय ते ठरव!’

त्या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे. जागा दोनच, प्रत्येक माणूस त्यांतल्या एकीवरचा, आणि जो सांगत नाही तो एक तर लपवतोय किंवा त्याला अजून कळलेलं नाही. उभयलैंगिक आणि नॉनबायनरी माणसांमधलं खरं साम्य या गृहीतकाशी त्यांच्या होणाऱ्या झटापटीत आहे, त्यांच्या स्वभावात नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

विज्ञानालाही या गृहीतकातून बाहेर पडायला बराच वेळ लागला. आल्फ्रेड किन्सी हे अमेरिकेतले मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. गॉल वास्प या चिमुकल्या कीटकांचे असंख्य नमुने गोळा करून त्यांच्यातला बारीकसारीक फरक मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निसर्गात काटेकोर कप्पे नसतात, फरक हळूहळू सरकत जातो, ही तिथली शिकवण त्यांनी माणसांच्या लैंगिक वर्तनाला लावली. १९४८ साली पुरुषांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि त्यात शून्य ते सहा अशी पट्टी होती. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी, सहा म्हणजे केवळ समलिंगी, आणि मध्ये पाच पायऱ्या. १९५३ मध्ये स्त्रियांवरचा ग्रंथ आला. दोनच कप्पे मानणाऱ्या जगाला हा मोठा धक्का होता.

पण त्या पट्टीतही एक खोट राहिली होती. ती एकाच रेषेवर होती. स्त्रीकडे वाटणारी ओढ एक पायरी वाढली की पुरुषाकडची आपोआप एक पायरी कमी होणार, असं त्या रेषेनेच ठरवून टाकलं. म्हणजे मधल्या माणसाला दोन्हीकडची अर्धी अर्धी ओढ मिळाली.

पुरुषीपणा आणि स्त्रीपणा मोजणाऱ्या जुन्या मानसशास्त्रीय चाचण्यांचीही हीच गत होती: एका टोकाला पुरुष, दुसऱ्या टोकाला स्त्री. १९७४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सँड्रा बेम यांनी ही रेषा मोडली. त्यांनी साठ गुणविशेषांची यादी केली. त्यांतले वीस समाज पुरुषांना चांगले मानतो असे, वीस स्त्रियांना चांगले मानतो असे, आणि उरलेले वीस कुणालाही लागू पडणारे. प्रत्येकाने स्वतःला प्रत्येक विशेषासाठी एक ते सात गुण द्यायचे, आणि दोन्ही बेरजा वेगवेगळ्या करायच्या. खंबीरपणात वरचे गुण मिळवणारी व्यक्ती हळवेपणातही वरचे गुण मिळवू शकते, हे त्या कागदावर उघड दिसलं. पुढे १९८० मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या मायकेल स्टॉर्म्स यांनी हीच युक्ती लैंगिक कलाला लावली. स्त्रियांविषयीची ओढ एका अक्षावर, पुरुषांविषयीची दुसऱ्यावर. चहात दूध वाढवलं म्हणून साखर कमी होत नाही, तसं हे आहे.

दोन अक्ष आले आणि दोन्हीकडे भरपूर असणाऱ्यांना पूर्ण जागा मिळाली. शिवाय दोन्हीकडे फारसं काही नसणाऱ्यांनाही मिळाली. स्टॉर्म्स यांच्या नकाशात अलैंगिक व्यक्तींसाठी एक कोपरा होता. लिंगभावाच्या बाजूने बघितलं, तर ज्यांना आपण पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही असं वाटतं त्यांना आज एजेंडर म्हणतात. एकाच रेषेवर हे लोक कुठेच बसत नव्हते.

इथे एक सावधगिरी हवी. बेम यांची यादी स्वभाव मोजते, ओळख नाही. हळवा, स्वयंपाक मनापासून आवडणारा पुरुष हा पूर्ण पुरुषच असू शकतो, आणि बहुधा असतोही. ‘माझ्यात दोन्ही गुण आहेत, म्हणजे मी पण नॉनबायनरीच की’ असं जे सहज म्हटलं जातं, त्यात नॉनबायनरी व्यक्तीचं म्हणणं निसटतं. गुणांची यादी बाजूला ठेवली तरी ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ म्हणून हाक मारली की त्यांना ती आपल्याला मारलेली वाटत नाही. तो अनुभव वेगळा आहे.

खुद्द बेम यांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या अनेक वर्षं एका पुरुषाबरोबर संसार करत होत्या. १९९३ सालच्या ‘द लेन्सेस ऑफ जेंडर’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की त्या स्वतःला भिन्नलिंगी मानत नाहीत, समलिंगी नाही आणि उभयलैंगिकही नाही. जोडीदाराचं लिंग कुठलं, हा निकषच त्यांच्या ओढीत कधी नव्हता. आयुष्यभर ज्या बाईंनी लोकांच्या मनातल्या कप्प्यांचा अभ्यास केला, त्यांना स्वतःसाठी कुठलाच तयार कप्पा मापाचा वाटला नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

कागदावर जागा झाली तरी माणसांच्या मनात ती होतेच असं नाही. तिथे पुरावा मागितला जातो. २००५ साली अमेरिकेत एक प्रयोग गाजला. स्वतःला उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांना दोन्ही प्रकारच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया यंत्राने मोजली गेली, आणि बहुतेकांची प्रतिक्रिया एकाच बाजूला झुकलेली दिसली, असा निष्कर्ष निघाला. एका मोठ्या दैनिकाने बातमीच्या मथळ्यातच तीन पर्याय दिले: भिन्नलिंगी, समलिंगी किंवा खोटारडे. ज्याने आधीच भीतभीत घरी सांगितलं असेल, त्याच्या आईच्या हातात ती बातमी पडल्यावर काय झालं असेल, याचा विचार केला की आजही वाईट वाटतं. २०११ मध्ये अधिक काळजीपूर्वक निवडलेल्या पुरुषांवर पुन्हा प्रयोग झाला आणि दोन्हीकडची प्रतिक्रिया स्पष्ट दिसली. २०२० मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या आठ अभ्यासांची माहिती एकत्र करून, पाचशेच्या आसपास पुरुषांच्या नोंदींवरून, पुरुषांमधली उभयलैंगिकता खरी असल्याचा भक्कम पुरावा मांडला गेला. त्या लेखाच्या लेखकांत २००५ च्या प्रयोगातले संशोधकही होते. विज्ञानाने स्वतःची चूक सुधारली, हे त्याच्या जमेला धरायला हवं. पण मला खटकतं ते निराळंच आहे. लाखो माणसं आपल्याबद्दल जे शांतपणे सांगत होती, ते ऐकून घ्यायला यंत्र कशाला लागलं?

दुसरा आक्षेप ‘हे काही दिवसांचं आहे, वय वाढलं की जाईल’ हा. लिसा डायमंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी भिन्नलिंगी नसलेल्या ७९ तरुणींच्या दहा वर्षांत पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या आणि २००८ साली निष्कर्ष छापले. ओळखीचे शब्द बदलताना त्यांना दिसले, पण ते लोक समजतात त्या दिशेने नाही. उभयलैंगिकता सोडून ‘पक्क्या’ बाजूला जाणाऱ्यांपेक्षा उभयलैंगिक किंवा ‘कुठलंच नाव नको’ या ओळखीकडे येणाऱ्या जास्त होत्या.

नॉनबायनरी व्यक्तींकडे मागितला जाणारा पुरावा शरीराच्या प्रतिक्रियेचा नसतो, दिसण्याचा असतो. केस, कपडे, आवाज, दाढी. ‘नॉनबायनरी म्हणतेस, मग टिकली कशी?’ ‘दाढी ठेवलीस, म्हणजे पुरुषच की!’ उभयलैंगिक व्यक्तीची ओळख लोक तिच्या शेजारी कोण उभं आहे त्यावरून ठरवतात: पुरुषाबरोबर लग्न केलं की ‘सुधारली’, स्त्रीबरोबर राहिली की ‘अखेर खरं काय ते कबूल केलं’. एकीला सोबतचं माणूस बघून मोजतात आणि दुसरीला अंगावरचं कापड बघून. सांगणाऱ्याच्या शब्दाला दोन्हीकडे किंमत नाही.

आणि पुरावा द्यायचा तर तो नेमका निम्मा निम्मा हवा असतो. ‘दोन्ही आवडतात ना? मग दोन्हीकडे सारखेच अनुभव असतील.’ अमेरिकन कार्यकर्त्या रॉबिन ऑक्स यांनी केलेली व्याख्या यावर चांगला उतारा आहे. त्यांच्या मते उभयलैंगिकता म्हणजे एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींकडे ओढलं जाण्याची क्षमता. ती ओढ एकाच वेळी, एकाच प्रकारे किंवा सारख्याच प्रमाणात असायलाच हवी असं नाही. नॉनबायनरी असण्यालाही हे तंतोतंत लागू पडतं. अर्धा पुरुष अधिक अर्धी स्त्री अशी बेरीज तिथे नसते.

या संशयामागे लोकांचा खरोखर एक स्वार्थ आहे, असं कायद्याचे प्राध्यापक केंजी योशिनो यांनी २००० साली एका दीर्घ निबंधात मांडलं. भिन्नलिंगी आणि समलिंगी हे दोन गट एरवी एकमेकांसमोर उभे ठाकलेले. पण उभयलैंगिकांना पुसून टाकण्यात दोघांचं न बोलता एकमत होतं. कारण मधला माणूस मान्य केला, तर ‘मी पक्का अमुकच’ हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. एकाच लिंगाचा जोडीदार असणं हा पुरावा पुरत नाही. समलिंगी चळवळीला तर ‘आम्ही असेच जन्मलो, आम्हाला दुसरा पर्यायच नाही’ हे सांगून हक्क मिळवायचे होते. ज्यांना वरवर पाहता पर्याय आहे, ते तिथे अडचणीचे वाटले.

ट्रान्स, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या, व्यक्तींच्या बाबतीत हेच घडलं. विसाव्या शतकात वैद्यकीय मदत मिळवायची तर डॉक्टरांसमोर ‘मी लहानपणापासून पूर्णपणे स्त्रीच आहे’ किंवा ‘पूर्णपणे पुरुषच आहे’ अशी ठाशीव गोष्ट सांगावी लागे. अधलंमधलं काही बोललात तर दार बंद. त्यामुळे नॉनबायनरी माणसांनी ट्रान्स वर्तुळातही ‘तुमच्यामुळे आमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही’ हे ऐकलं. ट्रान्स आरोग्यासाठीच्या जागतिक तज्ज्ञसंस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नॉनबायनरी व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रकरण आलं ते थेट २०२२ च्या आठव्या आवृत्तीत.

या न दिसण्याची किंमत जबर आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, आयुष्यातल्या सगळ्या किंवा बहुतेक महत्त्वाच्या माणसांना आपल्याबद्दल माहीत आहे असं सांगणारे समलिंगी ७५ टक्के होते, तर उभयलैंगिक फक्त १९ टक्के. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०१० च्या पाहणीत, जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या उभयलैंगिक स्त्रिया ६१ टक्के होत्या. समलिंगी स्त्रियांत हा आकडा ४४, भिन्नलिंगी स्त्रियांत ३५. ‘ही कधीही कुणाबरोबरही जाईल’ हा समज किती हिंसक ठरू शकतो, याचा अंदाज या आकड्यांवरून यावा.

आता आपल्या घरांकडे येऊ. मराठी घरात समलिंगी मुलाला जे ऐकावं लागतं, त्याहून उभयलैंगिक मुलाला ऐकावं लागणारं वाक्य वेगळं असतं: ‘मुलीही आवडतात ना तुला? मग प्रश्न कुठेय? लग्न करून टाक.’ वरवर किती समजूतदार वाटतं! पण त्यात त्याच्या निम्म्या मनाला कायमचं गप्प बसायला सांगितलेलं असतं. मुलगी म्हणून वाढवलेल्या नॉनबायनरी व्यक्तीला मिळणारी सवलतही याच घडणीची. ‘एरवी जीन्स घाल, केस काप, आम्ही काही म्हणतो का? फक्त ताईच्या लग्नात साडी नेस.’ दोन्ही ठिकाणी आईवडील प्रेमापोटीच बोलत असतात. दोन्ही ठिकाणी, पाहुण्यांसमोर नीट दिसेल तेवढाच भाग ठेवून उरलेला झाकायचा, असा सौदा असतो.

मराठीत हे झाकणं प्रत्येक वाक्यात करावं लागतं, कारण आपली क्रियापदं बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतात. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटल्याशिवाय घरात पाऊलही टाकता येत नाही. नॉनबायनरी माणसं मग वाक्यच फिरवतात. ‘मला उशीर झाला’, ‘माझं जेवण झालंय’, ‘आता निघायला हवं’, ‘झोप येतेय’. दिवसभर असं बोलत राहणं किती दमवणारं असेल ते स्वतः तासभर करून बघावं. आदरार्थी बहुवचनही मदतीला येत नाही, कारण तिथेही ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ आहेच. काही जण कधी ‘आलो’ तर कधी ‘आले’ म्हणतात, काही जण ‘आम्ही आलो’चा आधार घेतात. कोल्हापूरकडच्या मुली सहज ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात आणि तिथे कुणाची भुवई उंचावत नाही, हे मला फार आशादायक वाटतं. व्याकरणाचा नियम माणसं वाकवतात आणि भाषा मोडत नाही.

उभयलैंगिक माणसाची कसरत शेजारच्याच वाक्यात चालते. त्याला स्वतःचं लिंग लपवायचं नसतं, सोबतच्या माणसाचं लपवायचं असतं. घरून फोन येतो, ‘रविवारी कुठे होतास?’ उत्तर जातं, ‘एका जवळच्या व्यक्तीबरोबर नाटकाला गेलो होतो. तिला पुढे काम होतं, मग लवकर परतलो.’ ‘व्यक्ती’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘तिला’ खपून जातं. आईला वाटतं मुलगी असेल, आणि ती सुखावते. खोटं कुणी बोललेलं नसतं. खरंही कुणाला सांगता आलेलं नसतं.

‘हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे’ या आक्षेपाला उत्तर देताना आपण लगेच घारापुरीच्या लेण्यातल्या अर्धनारीश्वराकडे बोट दाखवतो. ते शिल्प अप्रतिमच आहे. पण देवाला जे शोभतं ते शेजारच्या मुलाला चालत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे, म्हणून त्या आधारावर फार विसंबू नये. ‘आपल्याकडे तृतीयपंथी आहेतच की’ हे म्हणणंही अर्धवट आहे. हिजडा समाज ही गुरू-चेल्यांची, घराण्यांची, स्वतःच्या रीतिभातींची एक समाजव्यवस्था आहे. त्यातल्या अनेक जणी स्वतःला स्त्री मानतात, काही जणी दोन्हींपलीकडची ओळख सांगतात. डोंबिवलीहून रोज ऑफिसला जाणारी नॉनबायनरी व्यक्ती त्या व्यवस्थेचा भाग असेलच असं नाही, आणि दोघांना एकाच नावाखाली ढकलणं दोघांवरही अन्याय करतं. कपड्यांवरून ओळख ठरवणं किती फसवं असतं, हे राजीव पाटील यांच्या २००९ सालच्या ‘जोगवा’ या चित्रपटाने दाखवलंच आहे. त्यातल्या तायाप्पाला देवीच्या नावाने साडी नेसवली जाते, तो मनाने मात्र पुरुषच असतो, आणि सुलीवर त्याचा जीव असतो.

आपल्याकडे या दोन ओळखी एकत्र कशा आल्या, याचं चांगलं उदाहरण मुंबईत आहे. १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ नावाने समलिंगी आणि उभयलैंगिक स्त्रियांचा एक गट सुरू झाला, पुढे तो ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. काम सुरू झालं ते ‘कोण आवडतं’ या प्रश्नावर. पण जमलेल्यांपैकी सगळ्यांना ‘स्त्री’ हा शब्दच आपला वाटत नाही, हे हळूहळू पुढे आलं. मग या गटाने, जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या ५० क्वीअर, म्हणजे लिंगाच्या आणि लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या, व्यक्तींच्या सविस्तर जीवनकथा ऐकल्या आणि २०१३ साली ‘ब्रेकिंग द बायनरी’ हा अहवाल काढला. शाळा, घर, हिंसा, प्रवास, नोकरी, सगळं त्यात आहे. एका प्रश्नासाठी जमलेल्या माणसांनी दुसरा प्रश्न आपलासा केला, तोही बाहेरून कुणी न शिकवता, एकमेकांचं ऐकून. याच वाटेने उभयलैंगिक चळवळ इतरत्रही गेली होती. १९९० साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या उभयलैंगिक कार्यकर्त्यांनी आपल्या नियतकालिकात एक जाहीरनामा छापला, आणि त्यातच बजावलं की लिंगं दोनच असतात असं आम्ही मानतो असं समजू नका. ‘बाय म्हणजे दोन, म्हणजे तुम्ही नॉनबायनरी माणसांना वगळता’ असा आरोप आज तरुण मंडळी करतात, तेव्हा हा जुना कागद त्यांना जरूर दाखवावा.

दोन्ही झेंड्यांतही हे नातं दिसतं. मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये केलेल्या उभयलैंगिक झेंड्यात गुलाबी आणि निळ्याच्या मध्ये जांभळा पट्टा आहे. दोन्हीकडे मिसळून जाणारा, म्हणून सहसा नजरेत न भरणारा. २०१४ सालच्या नॉनबायनरी झेंड्यातही जांभळा आहेच. पण त्याच्या जोडीला पिवळा आहे, दोन लिंगांच्या चौकटीबाहेरचा, ज्यात गुलाबी किंवा निळ्याचा अंशही नाही.

त्या पिवळ्याशी साम्य संपतं. उभयलैंगिक माणसाला निदान अनोळखी लोकांत आपलं गुपित सोबत घेऊन फिरता येतं. त्याची घुसमट आतली. नॉनबायनरी व्यक्तीला मात्र घराबाहेर पडल्यापासून निवड करावी लागते. लोकलचा लेडीज डबा की जनरल? मेट्रोच्या तपासणीची कुठली रांग? स्वच्छतागृहाचं कुठलं दार? शाळेचा कुठला गणवेश? जनरल डब्यात अंगाला हात लागण्याची भीती आणि लेडीज डब्यात ‘ए, उतर खाली’ची. हे रोज, दोन्ही वेळा.

कायद्यानेही दोघांना वेगवेगळं वागवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली आणि आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या कायद्याच्या मूळ व्याख्येत नॉनबायनरी ओळखींना सामावणारा ‘जेंडरक्वीअर’ हा शब्दही आला. म्हणजे नॉनबायनरी व्यक्तीचं अस्तित्व कागदावर उमटलं. उभयलैंगिकांना सप्टेंबर २०१८ च्या ३७७ कलमाच्या निकालाने गुन्ह्याच्या छायेतून सोडवलं. पण समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क देण्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने नकार दिल्यावर त्यांची स्थिती विचित्र झाली. एकच माणूस, त्याचं एका स्त्रीवर प्रेम जडलं तर रजिस्टर ऑफिसात सही, वारसा, विमा, इस्पितळात नातेवाईक म्हणून प्रवेश, सगळं आहे. त्याच माणसाचं पुरुषावर प्रेम जडलं तर यातलं काहीच आपोआप मिळत नाही. मग घरचे म्हणतात ‘सोपं आहे ते निवड’, आणि कायदाही त्यांच्याच बाजूने उभा असलेला दिसतो.

मोजदादीतही हाच फरक आहे. २०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्याखेरीज ‘इतर’ची नोंद झाली. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं तिथे मोजली गेली. हिजडा, ट्रान्स, नॉनबायनरी, जन्मजात शरीराची घडण वेगळी असलेले इंटरसेक्स, सगळे त्या एका आकड्यात. लैंगिक कलाचा प्रश्न नव्हताच. कॅनडाने २०२१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या नॉनबायनरी व्यक्ती स्वतंत्रपणे मोजल्या, त्या ४१,३५५ भरल्या. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्सने सोळा वर्षांवरच्यांना दोन्ही प्रश्न ऐच्छिक म्हणून विचारले. सुमारे ६ लाख २४ हजार जणांनी स्वतःला उभयलैंगिक म्हटलं आणि सुमारे ३० हजारांनी नॉनबायनरी. लिंगभावाचा प्रश्न काही लोकांना नीट कळला नसावा, अशी शंका नंतर घेतली गेली, त्यामुळे तो दुसरा आकडा जपूनच वापरायला हवा. पण तिथली एक सोय मला आकड्यांहून मोलाची वाटते. घरच्यांनी भरलेला अर्ज मान्य नसेल, तर सोळा वर्षांवरच्या कुणालाही स्वतःसाठी वेगळा सांकेतिक क्रमांक मागवून, घरात कुणाला न कळू देता, आपला अर्ज आपण भरता येत होता. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत प्रगणक दारात उभा राहायचा आणि बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सगळ्यांच्या नोंदी करायचा. आतल्या खोलीत अभ्यास करत बसलेल्या वीस वर्षांच्या माणसाला स्वतःची नोंद स्वतः करता येईल अशी सोय आपल्या जनगणनेतही झाली पाहिजे, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट बघत बसायची गरज नसावी.